दुसरी रेघ

सगळ्यांनी डोळे मिटले होते. काकूंनी एकच मिटला होता.

उघड्या डोळ्यानं त्या समोरच्या खिडकीकडे बघत होत्या. सहा बाय चारची जुनी काच, खालच्या कोपऱ्यात तडकलेली, ती चौकटीत धरून ठेवणारी कडेची लांबी वाळून गळालेली. रस्त्यावरून ट्रक गेला की काच चौकटीत खडखडायची आणि काकूंच्या दाढा शिवशिवायच्या.

"विचार येतील," ध्यान शिकवणारी ताई हळू आवाजात सांगत होती. "येऊ देत. मन भरकटलं की श्वासावर परत या. पुन्हा भरकटलं, पुन्हा परत या."

ट्रक गेला. खडखडखड.

"अहो ताई, ती काच पडणार आहे."

वर्गातल्या सगळ्यांनी डोळे उघडले. ताई हसली. पंचविशीची पोरगी, पण हसू कमावलेलं. "काकू, आवाज नुसता ऐका. त्याला नाव देऊ नका."

"नाव कसलं द्यायचंय? लांबी सुटलीये तिची. ते खाली बसलेत ना मांडी घालून, त्यांच्या टकलावर पडली की मग काय ते नाव द्या."

टक्कलवाले गृहस्थ बसल्याबसल्या दोन हात सरकले. त्यांची शांती गेली ती गेलीच.

काकू इथे हौसेनं आल्या नव्हत्या. सुनेनं परस्पर नाव घातलं होतं. "आई, तुम्ही हल्ली फार चिडता," ती म्हणाली होती. चिडतात, हे खरंच. नवरा जाऊन आठ महिने झाले, काचेचं दुकान काकू एकट्या चालवतात, आणि दिवसातून चार गिऱ्हाईकं दारात उभी राहून, काकूंच्या हातात कटर दिसत असताना, विचारतात, "मालक कुठायत?" अशा बाईला राग येणार नाही तर काय उचकी येणार? पण जग मोठं सोयीचं आहे. अपमान करणाऱ्यांसाठी कुठे वर्ग भरत नाहीत. वर्ग भरतात ते चिडणाऱ्यांसाठी.

राग एक वेळ चालला असता. काच फुटत होती, ते चालणार नव्हतं.

काच कापतात म्हणजे खरं तर कापत नाहीत. कटरच्या इवल्याशा चाकानं वरून रेघ मारायची, एकदाच, आणि त्या रेघेवर मोडायची. रेघ कच्ची राहिली असेल असं वाटून तिच्यावरून दुसऱ्यांदा चाक फिरवलं की संपलं. काच मग रेघ सोडून मनाला येईल तिकडे फुटते. हे नवशिक्याला पहिल्या दिवशी सांगतात. काकूंना नवऱ्यानं तेवीस वर्षांपूर्वी सांगितलं होतं. नवरा होता तोवर त्यांची एक काच फुटली नव्हती. रेघ मारून त्या मान वर करायच्या, पलीकडच्या टेबलावरून तो "हं" म्हणायचा, झालं. आता "हं" म्हणणारं कुणी नव्हतं. हात आपोआप मागे जायचा. बरोबर आली का? बघू एकदा. आणि फट्!

या महिन्यात तीन फुटल्या होत्या. तिसरीला मुलगा समोरच उभा होता. "आई, हात कापून घेशील एक दिवस. आणखी एक फुटली तर दुकान त्या मोबाइलवाल्याला भाड्यानं द्यायचं. कबूल?"

"कबूल!" काकू तावातावानं म्हणून बसल्या होत्या. रात्रभर मग स्वतःच्या जिभेला शिव्या घातल्या.

"तुमचं सगळं उलटंच आहे," त्या आता ताईला म्हणाल्या. "तुम्ही म्हणता परत या, परत या. आमच्या धंद्यात परत गेलं की काच गेली."

"म्हणजे कशी?"

काकूंनी सांगितलं. ताई ऐकत राहिली. तिचं कमावलेलं हसू कधीच उतरलं होतं, आणि त्याशिवाय ती जास्त शहाणी दिसत होती. शेवटी ती म्हणाली, "काकू, ती खिडकी तुम्हीच बसवून द्याल?"

---

एवढ्या मापाची काच दुकानात एकच होती. मागच्या भिंतीला टेकवलेली, सहा बाय पाच. नवऱ्यानं आणलेली शेवटची. तो प्रत्येक मोठ्या काचेवर लाल खडूपेन्सिलीनं माप लिहायचा. हिच्यावर माप नव्हतंच. मधोमध वाकड्या अक्षरात लिहिलं होतं: बाईसाहेब.

काकूंना तो तेच म्हणायचा, आणि कधीकधी मोठ्या काचेलाही. "दोघांशिवाय हलत नाही, आणि गोडीत घेतल्याशिवाय वळत नाही," असं वर गिऱ्हाइकालाही ऐकवायचा. आठ महिन्यांत काकूंनी त्या काचेला हात लावला नव्हता. धूळसुद्धा अक्षरांच्या कडेकडेनं पुसली होती.

"हीच कशाला?" मुलगा म्हणाला. "कापून तयार मिळते, मागवून घेऊ."

"का? मी मेले का?"

"तसं कोण म्हणालं? पण तू कबूल केलंयस, आई."

"केलंय ना! पळून चाललेय का? धर तिकडून."

समोरचा किल्लीवाला काम टाकून मदतीला आला. कुणी बोलावलं नव्हतं. तो न बोलावता सगळीकडे असायचा. "काकू, फुटलीच तर जरा आधी सांगा हां, कानात बोळे घालतो."

"तोंडात घाल आधी."

तिघांनी मिळून काच टेबलावरच्या घोंगडीवर आडवी केली. तेवढ्यात दारात ताई दिसली. म्हणाली, "बघायला आलेय. सकाळपासून तुमची ती दुसरी रेघ डोक्यातून जात नाही."

"तुला गं कसली दुसरी रेघ?" काकू सरळ एकेरीवर आल्या.

ताईनं ओठ चावला. मग म्हणून टाकलं, "रोज वर्ग सुटला की घरी जाऊन मी तेच उगाळत बसते. आवाज बरोबर लागला का, ते आजोबा मधूनच का उठून गेले. लोकांना सांगते सोडून द्या, आणि स्वतः निम्मी रात्र..."

काकू हसल्या. तोंडावर हात न ठेवता, मोकळं हसल्या. मुलानं दचकून बघितलं. हे हसू त्यानं आठ महिन्यांत ऐकलं नव्हतं.

"अगं, म्हणजे तुझ्याही काचा फुटतात की!"

मग त्यांनी ओलं फडकं घेतलं. लाल अक्षरांसमोर क्षणभर थांबल्या, आणि एका दमात पुसून टाकलं.  

मापं घेऊन झाली. लांब पट्टी बसवली, तिच्या एका टोकावर मुलाचा हात, दुसऱ्यावर किल्लीवाल्याचा. चाक रॉकेलमध्ये बुडवलं. सहा फुटांची रेघ टेबलाच्या कडेनं चालत मारावी लागते, मध्ये थांबता येत नाही. काकूंनी श्वास घेतला, आणि सोडता सोडता चालायला लागल्या.

चर्रर्र... रेशीम फाडल्यासारखा बारीक, सलग आवाज. एक फूट. दोन फूट. नवरा सांगायचा, हाताकडे बघू नका बाईसाहेब, आवाज ऐका. आवाज तुटला नाही तर रेघ तुटत नाही. तीन फूट.

"ओ, मालक कुठायत?"

दारात गिऱ्हाईक. मुलाच्या कपाळावर घाम फुटला. काकूंना ऐकू आलं का? आलं. गिऱ्हाईक आलं, राग आला, रस्त्यावरचा हॉर्न आला, मोबाइलवाल्याची पाटीसुद्धा डोळ्यांसमोर येऊन गेली. आणि या सगळ्याच्या खाली तो चर्रर्र चालूच होता. काकू परत परत त्याच्याकडे येत होत्या. हात पुढेच जात होता. परत येत होते ते कान. चार. पाच. सहा. चाक कडेवरून उतरलं.

संपलं. आता तो क्षण आला.

काचेवर पांढुरकी केसाएवढी रेघ. मध्ये, तिसऱ्या फुटापाशी, जरा पुसट वाटतेय का? तिथंच तो माणूस ओरडला होता. काकूंचा हात उचलला गेला. मान सवयीनं वर झाली. पलीकडे रिकामं टेबल.

कुणी "हं" म्हणालं नाही.

"हं," काकू स्वतःच म्हणाल्या. आणि कटर ताईच्या हातात कोंबला. "धर. मागितला तरी देऊ नकोस."

रेघ टेबलाच्या कडेवर येईल अशी काच दोघांनी पुढे सरकवली. काकूंनी खालून बोटाच्या पेरानं टकटक केलं, फूटभर बाहेर आलेला भाग दोन्ही हातांनी धरला, आणि झटका दिला.

टक्!

एकच आवाज. या टोकापासून त्या टोकापर्यंत काच रेघेवरून सरळ उघडली, आणि लांबच लांब पट्टी काकूंच्या हातात आली. कड पाण्यासारखी चकचकीत.

पहिल्यांदा ताई ओरडली. वर्गात हळू आवाजात बोलणारी ती बाई चक्क शाळकरी पोरीसारखी किंचाळली. किल्लीवाल्यानं टाळ्या वाजवल्या. दारातलं गिऱ्हाईक भांबावून उभंच.

"मालक मीच," काकू त्याला म्हणाल्या, अगदी गोड आवाजात. "बोला, काय हवंय?"

"आ... आरसा. छोटा. सावकाश द्या."

 काचेच्या कडेलगत मुलानं अंगठा जपून फिरवत नेला, टोकापर्यंत. मग बाह्या वर सारल्या. "लांबी मी मळतो," म्हणाला. "तू बस जरा."

---

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ग भरायच्या आधी काकू नव्या खिडकीपाशी उभ्या होत्या. काच बसली होती, ट्रक जात होते, खडखड नव्हती. टक्कलवाले गृहस्थ आपली जुनी जागा धरून निवांत बसले होते. सुनेचा फोन येऊन गेला होता, "आई, आज चिडू नका हं," आणि काकू चिडल्या नव्हत्या, म्हणजे थोड्याच चिडल्या होत्या. किल्लीवाल्याच्या बोटांचे ठसे काचभर उमटले होते. माकड मेलं!

काकूंनी पदर घेतला, काचेजवळ तोंड नेलं आणि पुसण्यासाठी हाऽऽ करून वाफ सोडली.

धुरकटलेल्या काचेवर अक्षरं उमटली. वाकडी, ओळखीची. बाईसाहेब.

खडूपेन्सिलीचा तेलकटपणा कुठेतरी राहून गेला होता. काकू बघत राहिल्या. वाफ विरली, अक्षरं गेली, पलीकडचा रस्ता स्वच्छ दिसायला लागला. हातात पदराचं टोक तसंच होतं. अजून एकदा घासलं असतं तर गेलं असतं कायमचं.

त्यांनी पदर खोचून टाकला.

"काकू, चला ना," मागून ताई म्हणाली. "सगळे डोळे मिटून बसलेत."

"आले गं. एक श्वास राहिलाय."

आणि काकूंनी पुन्हा, सावकाश, काचेवर हाऽऽ केलं.