पाच जणांचं लायसन्स

रस्त्यात जाणाऱ्या घरांच्या हरकती घेणाऱ्या पनवेलच्या त्या ऑफिसात टेबलं अकरा, आणि सर्व्हरचं लायसन्स मात्र पाच जणांचं. सहाव्याने लॉगिन केलं की स्क्रीनवर नकार. जास्तीची लायसन्सं मागणारा कागद दोन वर्षं साहेबांच्या टेबलावर लोळतोय. त्यांना स्वतःला कुठे नोंदी करायच्या असतात म्हणा! मग एसटीच्या सीटवर रुमाल टाकतात तशी सगळ्यांनी रीत पाडली. सकाळी आल्या आल्या लॉगिन करायचं आणि संध्याकाळपर्यंत बाहेर पडायचं नाही. चहाला जा, जेवायला जा, जागा आपली.

कीर्ती रोज आत रेकॉर्डच्या खोलीत बसायची. त्या दिवशी काउंटरवरची भाविका दुपारी घरी गेली, म्हणून साहेबांनी हिला बाहेर पाठवलं. सव्वाचारला समोर ठमाबाई येऊन उभी राहिली. उरणकडची कोळीण, घर रस्त्यात जाणारं, आणि हरकतीचा आज शेवटचा दिवस. नुसता कागद ठेवून घेण्यात काही अर्थ नव्हता. मशीनमधून नंबर निघाला तरच हरकत धरणार, आणि पाचच्या ठोक्याला मशीन नोंद घेणं बंद करणार.

कीर्तीने लॉगिन केलं. नकार. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

ती टेबलाटेबलाशी फिरली. दोघे चहाला गेलेले, मशीनं चालू पण पासवर्डने बंद. धर्मराज म्हणाला, "मी उठलो की दुसरा कोणीतरी बसेल. माझी यादी कोण पुरी करणार?"

"बाईचं घर जातंय, धर्मराज. जरा तरी लाज बाळगा."

तो जागचा हलला नाही. कीर्तीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने सर्व्हर सांभाळणाऱ्या हेतलला फोनवर फोन लावले. पाचला दोन मिनिटं असताना तो लागला.

"कोणालाही काढ," कीर्ती म्हणाली. "रिकाम्या खुर्च्या अडवून बसलेत मेले."

हेतलने यादी पाहिली. "चार जण आपापल्या टेबलावरून आत आहेत. पाचवी तूच आहेस. रेकॉर्डच्या खोलीतलं मशीन, सकाळपासून."

दुपारी बाहेर येताना तिने मुद्दामच लॉगआउट केलं नव्हतं. परत गेल्यावर जागा मिळायला हवी ना! हेतलने तिला तिथून काढलं, इथून आत घेतलं. फॉर्म उघडला तेव्हा वर लाल अक्षरांत लिहिलं होतं, मुदत संपली.

"झाला का गो बाय?" ठमाबाईने विचारलं.

"सर्व्हरने घात केला, मावशी."

"तुजा काय दोष? माज्यासाठी इतकी धावलीस. बाकीचे बग, उठले पन नाय." ठमाबाईने तिच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. कीर्तीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगून टाकावं असं फार वाटलं, पण धर्मराज ऐकत होता.

ठमाबाईने कागद नीट घडी करून पिशवीत ठेवला.

"मंग उद्या सकाली येऊ का?"

"या," कीर्ती म्हणाली.