सत्कारात लागलेली झोप

बसा हो, उठायची कसली घाई? चहा यायचाय अजून. तोवर आमच्या गल्लीतल्या श्रद्धाची गोष्ट ऐका. आधी हसाल, मग हसणं आपोआप थांबेल.

श्रद्धाची पोरगी अवनी, सात वर्षांची. जन्मापासून अंगात ताकद नाही. दूध पोटातल्या नळीतून द्यायचं. घशात कफ घरघरला की लगेच मशीन लावून ओढून काढायचा. उशीर झाला तर पोर निळी पडते. नवरा रंगनाथ दोन पाळ्या करतो, औषधं काय झाडाला लागतात? मग पोरीकडे कान कुणाचा? श्रद्धाचा. पोळ्या लाटताना कान तिकडे, अंघोळीला गेली तरी दार किलकिलं. झोप म्हणजे बसल्या बसल्या लागलेली डुलकी. मागं एकदा अशीच लागली, जाग आली तर अवनीचे ओठ काळपट. वाचली पोर. पण तेव्हापासून श्रद्धाला झोपेचीच धास्ती बसली.

गल्लीला कळवळा फार. कुणी अंगारा आणला, कुणी म्हणालं, "तू म्हणून करतेस हो, आम्हाला नसतं जमलं."

"मलाही जमत नाही," श्रद्धा म्हणायची. "पण विचारतंय कोण?"

मग मंडळानं ठरवलं, तिच्यासाठी काहीतरी करायचं. आता मंडळाला येतं काय? सत्कार! अध्यक्ष नागोराव, जन्मभर तांब्याची भांडी ठोकलेला माणूस. बॅनर लागला, 'आदर्श माता'. त्यावर तिचा फोटो, त्याहून मोठा नागोरावांचा. गल्लीतल्या तुळजाबाई हल्ली लेकीकडे असतात, तेव्हा दोन दिवसांसाठी आल्या होत्या. पूर्वी दवाखान्यात आया होत्या, त्यांना मशीन येतं. त्या अवनीपाशी बसल्या आणि श्रद्धा स्टेजवर गेली.

खुर्ची मिळाली. पाहुण्यांनी सुरुवात केली, "मातृत्व म्हणजे..." तिथवरच तिनं ऐकलं. मान कलली, तोंड उघडलं आणि बाई घोरायला लागली. माइक शेजारीच. ते घोरणं चौकापर्यंत गेलं.

गल्ली खिदळली. नागोराव शाल घेऊन उभे. ठोकाठोकीनं कान गेलेले, त्यांना कळेना लोक का हसतायत. शेवटी त्यांनी तिला हलवलं. ती दचकून "अवनी!" म्हणत स्टेजवरून उतरायलाच लागली.

"अगं, तुळजाबाई आहेत ना तिथं! तुला काय हवंय ते तरी बोल."

"झोप."

"काय?"

"झोप हवी, नागोकाका!" ती ओरडली. "दुपारी कुणीतरी बसा तिच्यापाशी. मशीन मी शिकवते."

पाहुणे खोकले. बाकी सगळ्यांनी चपला बघितल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी नागोराव दारात. "शिकव." हात दणकट पण हलका, मशीन आठवड्यात जमलं. घरघर मात्र ऐकू येईना. श्रद्धा जरा आडवी झाली की उठून यायची, "काका, वाजतंय की!"

"कुठं?"

मग त्यांनी पोरीच्या छातीवर तळवा ठेवून बघितला. कधी थरथर कळते, कधी नाही. पोरीच्या जिवाला 'कधी कधी' कसं चालेल? म्हणजे म्हातारा बसतो पोरीपाशी, आणि त्याच्या वाटचं ऐकत श्रद्धा जागीच. डोळे मिटलेले, कान उघडे.

"मी येऊन उपयोग काय गं?" परवा नागोराव म्हणाले.

"या हो काका. पाठ तरी टेकते ना."

रविवारी माझं दुकान बंद असतं, तेव्हा नागोरावांच्या जोडीला मी जाऊन बसतो. तेवढी एक दुपार ती झोपते. काय झोपते, मेल्यासारखी! उठते तेव्हा तोंड निराळंच दिसतं बाईचं.

आता तुमचं बघा. रिटायर झालात, दुपारी तोच पेपर दोनदा वाचता. कान तर असे तिखट, की मगाशी वरच्या मजल्यावरचं भांडण मला तुम्ही सांगितलंत. तुम्हाला मशीनला हात लावायचा नाही. नुसतं नागोरावांशेजारी बसायचं, घरघर आली की त्यांना कोपर मारायचा, पुढचं ते बघतील. उद्या दुपारी याल का हो?