अंधार मागणारे फूल

मी एक जुने पॉइन्सेटियाचे झाड आहे. नागभीडला हे नाव कुणाच्या जिभेवर बसत नाही, म्हणून सगळे मला नाताळचे फूल म्हणतात. खरे तर माझे फूल इवलेसे, पिवळे असते. थंडीत लाल होतात ती वरची पाने.

इसरूभाऊ रेल्वेत गेटमन होते. त्यांनी भद्रावतीहून माझी काडी आणली आणि रंगाच्या रिकाम्या डब्यात खोचली. दर नाताळला त्यांची बायको कमळाबाई मला प्रार्थनाघरात नेत आणि मुलांना मंगलीची गोष्ट सांगत. बाळ येशूला द्यायला मंगलीकडे काहीच नव्हते. तिने वाटेवरची हिरवी पाने खुडली, लाजत गव्हाणीपाशी ठेवली, आणि ती लालभडक झाली. मग मुले माझ्याकडे पाहत. मी ताठ उभे राही.

चार वर्षांपूर्वी इसरूभाऊ वारले. त्या नाताळला मी हिरवेच राहिले. पुढच्याही. तिसऱ्या वर्षी मुले हसली.

"बाई, लाल कुठी हाय? गोष्ट खोटी हाय का?"

कमळाबाईंनी मला उचलले. घरी आल्यावर मला म्हणाल्या, "आता नाई सांगत मी ते गोष्ट."

मित्रांनो, कारण मला ठाऊक होते. लाल व्हायला मला थंडीतल्या लांब रात्रींचा सलग अंधार लागतो. इसरूभाऊ गेल्यापासून मात्र पडवीतला बल्ब संध्याकाळी लागे तो उजाडेपर्यंत जळे. मला गारठा बाधू नये म्हणून बाई मायेने मला नेमके त्याच्याखाली सरकवत. त्या आत एकट्या, मी बाहेर एकटे. सांगणार कसे?

गेल्या ऑक्टोबरात शेजारच्या अख्तरीबाई शिवलेला ब्लाऊज द्यायला आल्या.

"कमळाबाई, रातभर बल्ब काऊन जाळता? चोराले रस्ता दाखवता का?"

"एकटीले भेव लागते ना."

"अन् हे मले आता सांगून राह्यल्या? माह्या घरी तरी कोण हाय? पोरगा कामाले घुग्घुसले राह्यते. मी येतो झोपायले. पण घोरतो हं, आधीच सांगतो."

"घोरा. घरात आवाज तर राहीन."

त्याच संध्याकाळी त्या सतरंजी घेऊन आल्या आणि बल्ब विझला. डिसेंबर लागला तशा माझ्या पानांच्या शिरा तांबूस झाल्या. नाताळच्या आठवड्यात मी लाल झाले. कमळाबाईंनी मंगलीची गोष्ट पुन्हा सांगितली.

"चमत्कार!" मुले ओरडली. मागच्या बाकावर अख्तरीबाई डुलकी काढत होत्या. त्यांच्याकडे कुणी पाहिले नाही.

आता माझी पाने गळाली आहेत. पुढच्या नाताळपर्यंत माझ्याकडे कुणी बघणार नाही. त्याची मला सवय आहे. एवढेच मागते, मित्रांनो: एखादे झाड फुलले नाही, तर त्याला हसू नका. ते जिच्या दारात आहे, तिची आधी विचारपूस करा.