थालुसाच्या गळ्यातली चकती

मित्रांनो, मला पाहून तुम्हाला गाडीचे मोडके चाक आठवेल. तसे असते तर किती बरे झाले असते! मी रोममधल्या एका पाव-भट्टीतली जुनी लाकडी चकती आहे. माणसांच्या गळ्यात घालायची.

सुताराने मला दोन अर्ध्या तुकड्यांत घडवले, मध्ये मानेपुरते भोक ठेवले आणि भट्टीच्या मालकाला, फुल्किनियसला, म्हणाला, "पिठाचा हात तोंडापर्यंत पोचला तर माझं नाव बदला." मालकाने माझे सांधे चाचपून वाहवा केली. सांगायला लाज वाटते, पण मी फुगले होते.

पीठ चाळणाऱ्या थालुसा या गुलाम मुलीच्या गळ्यात मला अडकवले.

"बघा मावशी, मालकांनी दागिना केला मला."

"नवरीला जरा मोठाच झालाय," म्हातारी युटिकिस हसली. तीही तिथलीच गुलाम.

पुढे युटिकिसला ताप भरला. काम नाही म्हणून तिचा पावही निम्मा झाला. तशीच रीत होती. चाळताना उडणारे पीठ माझ्यावर साठायचे. थालुसाचा हात स्वतःच्या तोंडापर्यंत जात नसे, पण माझ्या कडेपर्यंत जाई. ते पीठ ती मुठीत निपटून घेई, पाण्यात शिजवी आणि म्हातारीला भरवी.

"मीठ नाही गं यात."

"मधही हवा असेल! गिळा आधी, मावशी. भांडू उद्या."

आठवड्याभरात म्हातारी भिंतीला धरून उभी राहू लागली.

आणि एका दुपारी मालकाने माझ्याकडे पाहिले. "हे पट्टे कसले? खाल्लंस?"

"तोंड बघा मालक, पांढरं आहे का?"

"मग कुणाला चारलंस?"

थालुसा पुन्हा पीठ चाळू लागली. रोममध्ये गुलामाची साक्ष त्याला छळल्याशिवाय खरी धरत नसत. मला मात्र कुणी चापटही मारली नाही. तिच्या चार बोटांच्या खुणा मी तशाच दाखवल्या. म्हातारीच्या कोपऱ्यातली शिजवलेल्या पिठाची वाटी सापडायला मग वेळ लागला नाही.

आजारी गुलामांना नदीतल्या बेटावर, वैद्यदेवाच्या देवळापाशी सोडून येत. देव बरे करील म्हणत आणि पाठ फिरवीत. काम न करता खाते म्हणून युटिकिसलाही उचलले. थालुसा धावली, मिठी मारायला वाकली, आणि मध्ये मी आले. माझी कड म्हातारीच्या छातीला लागली.

"राहू दे पोरी," ती म्हणाली. "तुझा दागिना टोचतोय."

ती परत आली नाही.

पुष्कळ वर्षांनी थालुसा मुक्त झाली. जाताना तिने मला खुंटीवरून काढून घेतले. शेजारीण म्हणाली, "जाळून टाक की ती!"

"नको. जाळली तर उद्या कुणी म्हणेल, असं काही नव्हतंच."

म्हणून मी अजून आहे. मित्रांनो, माझे सांधे आजही घट्ट आहेत, पण त्यांचे कौतुक करू नका. एखादी वस्तू किती छान बसते असे कुणी सांगितले, तर आधी विचारा, कुणाच्या गळ्यात?