शिकवलेली मूठ

कागदी पेला त्याने नव्या हाताने अलगद उचलला, ओठांपर्यंत नेला आणि थेंबही न सांडता परत ठेवला. काळी बोटं सावकाश उघडली.

"माझ्यापेक्षा बरा उचलता," बायको म्हणाली. "उद्यापासून चहाचं तुमच्याकडे."

त्याने हसत पेला पुन्हा उचलला. तेवढ्यात जिन्यात धाकट्या भावाचा आवाज आला. पेला चुरगळला, पाणी मांडीवर सांडलं.

"हात अजून नवा आहे," तो म्हणाला.

खरं काय ते त्याला ठाऊक होतं. पत्रा कापायच्या मशीनमध्ये त्याचा हात असताना भावाने पॅडल दाबलं होतं. 'दिसलंच नाही रे दादा,' म्हणून भाऊ ढसाढसा रडला होता. यानेही चारचौघांत 'झालं गेलं' म्हणून विषय मिटवला होता.

पुढे दवाखान्यात कोपराखाली उरलेल्या हातावर पट्ट्या चिकटवून तिथली मुलगी सांगायची, "काका, मूठ आवळायचा विचार करा. तुमच्या नसा बोलतील तेच हा हात शिकेल." पडद्यावरची रेघ काही हलेना. मग एकदा त्याला ती सकाळ आठवली. भावाचा पाय पॅडलवर, नजर सरळ याच्या बोटांवर. रेघ उसळून वर गेली.

"बस्स, हेच धरून ठेवा. दर वेळी हेच मनात आणा."

त्याने आणलं. रोज. पेला उचलायचा तर भाऊ थोडासाच आठवायचा, एवढं त्याला जमू लागलं होतं.

भावाची लेक धावत आत आली आणि तिने आपली इवली बोटं थेट त्या काळ्या पंजात घातली.

"मोठे काका, दाबा ना."

तिच्यामागे भाऊ उभा होता, हसत. याने डाव्या हाताने आपल्या कोपराखालचं बटण चाचपलं आणि दाबलं. हिरवा दिवा विझला. बोटं अर्धवट उघडी राहिली.

"हलत का नाही?"

"झोपला बघ. दमलाय बिचारा."

निघताना भाऊ दारात घुटमळला. याची बायको पोरीला खाली सोडायला जिना उतरू लागली होती.

"दादा, तू मनात काही ठेवलं नाहीस. दुसरा असता तर जन्मभर धरून बसला असता."

त्याने बटण दाबलं. हिरवा दिवा लागला.

"थांब," तो म्हणाला. "तुझ्याशी हात मिळवायचा राहिलाच की."

डोळे पुसत भावाने उजवा हात पुढे केला.