दाराची आतली बाजू

किल्लीवाला भरदुपारी सापडला होता, कित्येक वर्षं बंद असलेल्या घराच्या मागच्या दाराशी. पिशवीत कटावणी, छिन्नी, वाकवलेल्या तारा, खिशात हातमोजे.

"नुसती हत्यारं दाखवून भागणार नाही," सरकारी वकीलबाईंनी फौजदाराला बजावलं. "किल्लीवाल्याकडे तारा नसतील तर काय कंगवे असतील? मनात चोरी होती हे सिद्ध करावं लागेल."

"बंद घराच्या मागे माणूस हवा खायला जातो का, मॅडम?"

कोर्टात किल्लीवाला खाली मान घालून म्हणाला, "मला बोलावलं होतं."

"कोणी?"

"आतून. म्हाताऱ्या बाईचा आवाज होता. म्हणाली, बाळा, दार अडकलंय, तेवढं उघडून दे."

लोक हसले. वकीलबाईंनी विचारलं, "मग उघडलं का नाहीत?"

"'उघडतो, आजी' म्हटलं आणि कटावणी लावणार एवढ्यात ती परत बोलली." त्याने मान वर केली. "या खेपेला माझ्या आवाजात."

आता कुणी हसलं नाही.

दारावर कटावणीच्या खुणा मिळाल्या तर हेतू सिद्ध होईल, म्हणून दुसऱ्या दिवशी वकीलबाई फौजदाराला आणि घरमालकाच्या पुतण्याला घेऊन तिथे गेल्या. बाहेरून दाराला साधा ओरखडाही नव्हता. पुतण्याने किल्ली फिरवली आणि सगळे आत शिरले. वकीलबाईंनी दार आतून लोटून पाहिलं. आतल्या बाजूला कुलपाभोवतीचं लाकूड खोल पोखरलेलं होतं. खाली ताजा, पांढरट भुसा पडला होता.

"म्हणजे हा आत शिरला होता!" फौजदार खूश झाला.

"मग पावलं कुठायत?"

जमिनीवर धुळीचा जाड थर होता. त्यात या तिघांचीच पावलं होती.

"या घरात म्हातारी बाई कोण होती?" वकीलबाईंनी विचारलं.

"कुणीच नाही," पुतण्या म्हणाला. "काका एकटेच राहायचे. शेवटी शेवटी म्हणायचे, मागच्या दाराशी कुणीतरी माझ्या आवाजात बोलतं. आम्ही ते हसण्यावारी नेलं."

फौजदाराने घाईघाईने फोटो काढले. परतताना तो हळूच म्हणाला, "खुणा आतल्या का बाहेरच्या, फोटोत कोण बघतंय?"

"मी बघितलंय ना," वकीलबाई म्हणाल्या.

त्यांनी कोर्टाला खुणा आतल्या बाजूच्या असल्याचं स्वतःहून सांगितलं. हत्यारं होती, पण चोरीचा हेतू सिद्ध झाला नाही, असं म्हणून न्यायाधीशांनी किल्लीवाल्याला सोडलं.

बाहेर त्याने वकीलबाईंना हात जोडले. त्या म्हणाल्या, "आवाज ऐकून पळाला का नाहीत?"

"पळायचंच होतं, बाई. पण हात थांबेनात, कटावणी दाराकडे जातच होती. पोलिसांनी धरलं म्हणून वाचलो."

पुतण्याने ते दार विटांनी बुजवायला घेतलं. दुपारीच गवंडी थापी टाकून निघून गेला. आतून त्याच्याच आवाजात कुणीतरी 'अजून एक वीट दे' म्हणालं, एवढंच त्याने सांगितलं. दुसरा गवंडी आणावा लागला. फौजदार स्वतः तिथे उभा राहिला. शेवटची वीट बसेपर्यंत दोघांपैकी कुणीही तोंडातून शब्द काढला नाही.