शिंगाचं दुसरं टोक

मी म्हशीचं एक शिंग बोलतोय. म्हैस गेली, मी उरलो. एका कारागिराने मला घासून काळंभोर केलं, टोक छाटून आरपार भोक पाडलं. वर्तमानपत्रातल्या एका उपसंपादकांनी मला विकत घेतलं ते बायकोसाठी. तिला ऐकू येणं कमी होत चाललं होतं.

निमुळतं टोक ती कानाला लावायची, रुंद तोंडाशी ते बोलायचे.

"चहा टाकतेस का?"

"अहो, एवढ्यासाठी शिंग कशाला? तोंड बघूनच कळतं मला."

पुढे तिच्या कानात यंत्र आलं आणि मी कचेरीत, कागद उडू नयेत म्हणून. तिथे सगळे त्यांना काका म्हणत. माझ्या नावाचं बातम्यांत काय काय होतं, ते मला तिथे कळलं. निवडणूक आली की पुढारी रणशिंग फुंकायचे. फुंकताना मी एकालाही पाहिलं नाही. पक्षात कुणी उलट बोललं की त्याला शिंगं फुटायची. वळूने कुणाला शिंगावर घेतलं तर आत चार ओळी, मंत्र्याने घेतलं तर पहिलं पान.

"काका, या शिंगाला मानधन सुरू करा," शेजारचा खेळाच्या पानाचा माणूस म्हणायचा. "आपल्यापेक्षा जास्त छापून येतं."

गाडीचा हॉर्न हा माझा दूरचा भाऊबंद. अपघाताच्या बातमीत त्याचं वाक्य ठरलेलं: 'चालकाने वारंवार हॉर्न दिला, मात्र पादचाऱ्याने दुर्लक्ष केले.' काकांनी ते कधी अडवलं नाही.

एकदा यंत्र दुरुस्तीला दिलेलं असताना ती भाजी घेऊन रस्ता ओलांडत होती. मागच्या वळणावरून टेम्पो आला. काका तिच्यापाशी इस्पितळात होते, बातमी दुसऱ्याने लावली. सकाळी छापून आलं: 'वारंवार हॉर्न देऊनही महिलेने दुर्लक्ष केले.'

तिचं दिवसकार्य आटोपून कामावर परतले त्या दिवशी काका संपादकांसमोर उभे राहिले. "खुलासा छापा. तिने दुर्लक्ष केलं नाही. तिला ऐकू येत नव्हतं."

"काका, घरच्यांसाठी छापलं तर उद्या दारात रांग लागेल. आणि लोक विसरलेसुद्धा."

काका जागेवर येऊन बसले. समोर नवा अपघात होता, तेच वाक्य. त्यांनी बातमीदाराला हाक मारली.

"याला ऐकू येत होतं का?"

"ते कुठे विचारलं, काका."

"विचार."

त्याने फोन लावला. "येत होतं म्हणे. कान तिखट होते. मोबाइलवर बोलत चालला होता."

काकांनी वाक्य तसंच ठेवलं. पण त्यानंतर विचारल्याशिवाय एकही सोडलं नाही. पुष्कळ माणसांच्या नावावरचं 'दुर्लक्ष' त्यांनी काढलं. तिच्या नावावरचं तेवढं राहिलं.

आता ते निवृत्त आहेत आणि मी त्यांच्या घरी, खिडकीत. तुम्ही गाडी चालवत असाल आणि हॉर्न देऊनही पुढचं माणूस हललं नाही, तर पुन्हा देऊ नका. थांबा.

चहा झाला की काका मला उचलतात, रुंद तोंड ओठांशी धरतात आणि हळूच म्हणतात, "तिला ऐकू येत नव्हतं."

मी ते दुसऱ्या टोकापर्यंत नेतो. पुढे कुणाला देऊ, ते मला कळत नाही.